माळावरील कारखाना

माणगंगेच्या खोऱ्यांतील दुष्काळी मुलुखास माणदेश म्हणतात, आणि आटपाडी हें त्या मुलुखांतील एक मोठें गांव. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इकडे येईपर्यंत बहुतेक सरून गेलेला असतो. त्यामुळें येथील शेतकऱ्याची नजर सदैव आभाळाकडे लागलेली. त्याची खरी दौलत म्हणजे खिल्लार बैल. खिल्लार जनावरांचा एक प्रकार तर ‘आटपाडी महाल’ याच नांवानें ओळखला जातो. बैल राखावयाचा तर वर्षभर कडबा पुरला पाहिजे. कडबा पुरावयाचा तर ज्वारी पिकली पाहिजे. आणि ज्वारी पिकावयाची तर जमीन वेळेवर व नीट नांगरली गेली पाहिजे. बैल, कडबा आणि नांगर या तीन गोष्टींभोंवतीं माणदेशचा सारा संसार फिरत असे.

हा आटपाडी तालुका १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होता. संस्थान लहान, आणि तेंही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ असे त्याचे तालुके इंग्रजी मुलुखांत बेटांसारखे विखुरलेले होते. याच संस्थानांत, कुंडलच्या ओसाड माळावर, १९१० सालीं नांगर व कडबा कापण्याचीं यंत्रें तयार करणारा कारखाना उभा राहिला. तो उभारणारे गृहस्थ लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचें चरित्र बहुधा चिकाटीचा धडा म्हणून सांगितलें जातें. तें खरेंच आहे. परंतु तेवढ्यानें तें पुरें होत नाहीं. यंत्र तयार करणें हें एक काम, आणि ज्याला तें विकत घ्यावयाचें आहे त्याच्या विश्वासास तें पात्र करणें हें दुसरें. पहिल्या कामानें मनुष्य संशोधक होतो. दुसरें साधलें तरच तो कारखानदार होतो. लक्ष्मणरावांच्या आयुष्याचा मोठा भाग या दुसऱ्या कामीं खर्च झाला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचें मन रमलें नाहीं. ओढ होती चित्रकलेची व यंत्रांची. वडील बंधु रामचंद्रपंत ऊर्फ रामुअण्णा यांनीं पाठबळ दिलें आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथें कांहीं काळ शिकल्यावर ध्यानांत आलें कीं, आपल्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद नीटसा कळत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात कोणता? पण रंगांचा संबंध जेथें येत नाहीं, केवळ रेषा व माप यांवर ज्याचा सारा डोलारा उभा असतो, अशा यांत्रिक रेखनाकडे ते वळले. या विद्येंत त्यांनीं इतकी गति मिळविली कीं, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. शिकवितां शिकवितां त्यांनीं तेथील यंत्रशाळेंत प्रत्यक्ष हातकामही आत्मसात केलें.

दरम्यान १८८८ सालीं या दोघां बंधूंनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें होतें. सायकल ही वस्तु त्या काळीं इतकी अपूर्व होती कीं, ती विकणाऱ्यास गिऱ्हाइकाला तिजवर बसावयासही शिकवावें लागे. हें काम रामुअण्णा करीत. नवी वस्तु विकावयाची तर तिच्यासोबत ती वापरण्याची विद्याही द्यावी लागते, हा धडा दोघांस येथेंच मिळाला. पुढें मुंबईंत बढतीच्या वेळीं लक्ष्मणरावांस डावलून ती जागा दुसऱ्यास देण्यांत आली. तेव्हां नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगांवास परतले, आणि दुकानाच्या जोडीस एक लहानशी यंत्रशाळा त्यांनीं उभी केली.

त्या यंत्रशाळेंतून प्रथम बाहेर पडलेल्या वस्तूंत कडबा कापण्याचें यंत्र होतें. एक जड चाक, त्याच्या आऱ्यांवर बसविलेलीं वांकडीं पातीं, आणि चाकासमोर कडब्याची पेंढी सरकविण्यास पन्हळ, अशी त्याची साधारण रचना. हातानें चाक फिरवावें तों पेंढीचे बारीक तुकडे होऊन पडावे. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु अख्खा कडबा पुढें टाकला तर जनावर पाला खातें आणि बुडख्याकडील जाड भाग तुडवून टाकतें. बारीक केलेल्या कडब्यांतील फारच थोडा वायां जातो. ज्या मुलुखांत उन्हाळ्याच्या अखेरीस एकेक पेंढी मोजून काढावी लागते, तेथें ही बचत म्हणजे बैल राखणें आणि बैल विकणें यांतील अंतर होय.

यानंतर त्यांनीं नांगर हातीं घेतला. लोखंडी नांगर ही कांहीं लक्ष्मणरावांची मूळ कल्पना नव्हे. विलायतेंत व अमेरिकेंत तो पूर्वींच रुळला होता. त्यांचा शोध निराळ्या जातीचा. परदेशच्या घोड्यांसाठीं आणि परदेशच्या मातीसाठीं केलेलें अवजार येथल्या बैलास ओढतां यावें, येथल्या शेतकऱ्यास परवडावें, आणि मोडलें तर त्याचा भाग येथेंच मिळावा, अशा रीतीनें तें पुन्हां नव्यानें घडविणें हें त्यांचें काम. लांकडी नांगर जमीन चिरतो, पण उलटीत नाहीं; त्याच्या तासांतून हरळी व कुंदा यांच्या मुळ्या जिवंत राहतात. लोखंडी नांगराच्या फाळानें कापलेला मातीचा थर वळणदार पंखावरून वर चढतो व पालथा पडतो. त्यामुळें तणाच्या मुळ्या उघड्या पडून उन्हांत वाळतात, आणि मोकळ्या झालेल्या जमिनींत पाऊस चांगला मुरतो.

नांगर तयार झाले. पण ते कोणी घेईना. लोखंडानें जमिनीस विष बाधतें, अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. ही हकीकत सांगतांना शेतकऱ्याच्या अज्ञानास हंसण्याची चाल आहे. तें हंसणें न्यायाचें नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याचें एक वर्ष फसलें तर त्याचा संसार सावकाराच्या वहींत जातो. लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देतो. लोखंडी नांगर रोख पैसे मागतो, आणि ऐन हंगामांत त्याचें टोंक तुटलें तर गांवांत त्यास औषध नाहीं. विषाची समजूत खोटी होती. तिच्या पाठीमागची धास्ती खोटी नव्हती. लक्ष्मणरावांनीं वाद घालण्यांत काळ दवडला नाहीं. नांगर शेतांत चालवून दाखवावा, त्यांत काय उणें आहे तें पाहावें, परत येऊन सांचा बदलावा, असा त्यांचा मार्ग होता. अशा रीतीनें शेतकऱ्याचा नकार हीच त्यांची परीक्षाशाळा झाली.

या नांगराचें सारें मर्म ओतकामांत असतें. कुपोला नांवाच्या उभ्या भट्टींत बीड, कोक व चुनखडी यांचे थर देऊन खालून वारा सोडतात आणि वितळलेला रस सांच्यांत ओततात. वाळूच्या सांच्यांत रस सावकाश निवतो व मऊ राहतो. धातूच्या सांच्यास टेकल्यास तो झटकन निवून कमालीचा कठीण होतो, पण ठिसूळही होतो. फाळाचें टोंक झिजूं नये इतकें कठीण हवें, आणि दगडावर आपटून तुटूं नये इतकें चिवटही हवें. या दोहोंचा मेळ पुस्तकांत वाचून बसत नाहीं. तो शेंकडो फाळ मोडल्यावरच बसतो.

धंदा कोठें उभा राहूं लागला तोंच बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली. नगरपालिकेस ती वसाहतीच्या वाढीसाठीं हवी होती. बिऱ्हाड हलविणें निराळें आणि भट्टी हलविणें निराळें. या अडचणीच्या वेळीं औंधास देवालयाचा सभामंडप बांधण्याचें काम लक्ष्मणरावांकडे होतें. १९०९ सालीं गादीवर आलेले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार व कलेचे भोक्ते. त्यांनीं या कारागिराची पारख केली. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज त्यांनीं देऊं केलें. मोठ्या संस्थानिकास ही रक्कम किरकोळ वाटली असती. औंधची गोष्ट तशी नव्हती. आटपाडीसारख्या कोरडवाहू तालुक्यांच्या वसुलावर चालणाऱ्या दरबारानें हें धाडस केलें, हें विसरतां येत नाहीं.

१९१० च्या मार्च महिन्यांत लक्ष्मणराव थोड्या कामगारांसह या माळावर आले. निवडुंगाचें रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची टंचाई, असा तेथील थाट होता. निवडुंग तोडून छपरें उभीं राहिलीं, यंत्रें बसलीं, भट्टी पेटली, आणि कारखान्याभोंवतीं हळूहळू किर्लोस्करवाडी वसली. रामुअण्णा व्यवस्था पाहत. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर हे सहकारी मोठमोठ्या पदव्यांचे नव्हते. फळणीकर तर शाळा अर्ध्यावर सोडलेले. पण पुढें त्यांच्याच हातून कल्पक यंत्ररचना झाल्या. रात्रींच्या पहाऱ्यावर दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून आलेले इसम नेमण्यांत आले, आणि त्यांनीं तो पहारा इमानानें केला. वाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. ओसाड जमीन, नापास विद्यार्थी, शिक्षा झालेला मनुष्य, हे सारे जगानें टाकाऊ ठरविलेले. त्यांच्यांत उपयोग पाहण्याची दृष्टि ही लक्ष्मणरावांच्या संशोधक बुद्धीचीच दुसरी बाजू होय.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. परदेशी अवजारांची आवक थांबल्यानें देशी नांगरास मागणी आली. पण बीड, कोक आणि रंग यांचीही आवक त्याच कारणानें आटली. हातचें गिऱ्हाईक परत पाठवावयाचें काय? रंग वाडींतच तयार होऊं लागला. लोखंडासाठीं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं किल्ल्यावरील जुन्या तोफा दिल्या, आणि लढाईसाठीं ओतलेल्या लोखंडाचे नांगर झाले. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक सुरू केलें. कारखान्याची वार्ता देण्यासाठीं निघालेलें हें पत्र पुढें ‘किर्लोस्कर’ या नांवानें मराठी घराघरांतून पोंचलें. नांगर व चरक यांच्या पाठोपाठ १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप आले. त्याच सुमारास लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंत यंत्रविद्येचें शिक्षण संपवून परतले. १९४१ सालीं हरिहर येथें यांत्रिक हत्यारांचा, आणि १९४६ सालीं पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा उद्योग सुरू झाला.

या वाढीचा पल्ला मोठा होता, तरी तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्याच्यापाशीं धड दोन बैलही नाहींत, त्याच्या दारीं लोखंडी नांगर गेला नाहीं. आणि माणदेशच्या उथळ मुरमाड जमिनींत खोल नांगरणी सरसकट हितावह ठरत नाहीं. शिवाय जेथें पाऊसच पडत नाहीं, तेथें कितीही चांगला नांगर काय करणार? यंत्र कष्ट वांचवितें. पाणी निर्माण करीत नाहीं.

माणसावरच्या विश्वासाची जी गोष्ट कुंडलच्या माळावर घडली, तशीच एक गोष्ट पुढें आटपाडीजवळ घडली. १९३९ सालीं औंध दरबारानें तेथें स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापिली. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा तींत पुढाकार होता. भिंतीवांचूनच्या या तुरुंगांत कैदी शेती करून कुटुंबासह राहत. त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट १९५७ सालीं निघाला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यांतीलच. कारखानदारानें जें पहारेकऱ्यांच्या बाबतींत केलें होतें, तेंच संस्थानानें कैद्यांच्या बाबतींत करून पाहिलें.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. १९६९ सालीं त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारनें टपालाचें तिकीट काढलें. कुंडल रोड स्टेशनास आज किर्लोस्करवाडी हेंच नांव आहे. आटपाडी सांगली जिल्ह्यांत गेली. बैलाचें बरेंच काम ट्रॅक्टरनें उचललें, आणि कऱ्हाडजवळ टेंभू येथें अडविलेलें कृष्णेचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें वर चढवून त्या तालुक्यापर्यंत आणण्यांत आलें. ज्वारीच्या कांहीं वावरांत डाळिंबाच्या बागा दिसूं लागल्या. परंतु त्या बागेच्या बांधावर नवें यंत्र आलें, म्हणजे शेतकरी अजूनही तेच तीन प्रश्न विचारतो: हें माझ्या जमिनींत चालेल काय, मोडलें तर दुरुस्त कोण करील, आणि फसलें तर माझें काय होईल? लक्ष्मणरावांनीं या प्रश्नांस अडाणीपणा म्हटलें नाहीं. त्यांचीं उत्तरें त्यांनीं लोखंडांत ओतलीं.