बारशाआधी प्लास्टर!

बाळाचं पाऊल आत वळलेलं दिसलं की घरात आधी कुजबुज होते, मग नवस बोलले जातात, मग कुणीतरी म्हणतं, ‘मोठं झालं की होईल सरळ.’ या शेवटच्या वाक्यावर विसंबून राहणं सगळ्यात महागात पडतं. मुलांची हाडं बरी व्हायला अगदी उत्सुक असतात, फक्त त्यांना वेळेवर डॉक्टरांसमोर न्यायला हवं. पालघर, बोईसर, तारापूरच्या आईबाबांना आणि आजीआजोबांना ठाऊक असाव्यात अशा या गोष्टी.

योजना देशाची, मुहूर्त पालघरचा
देशभरातल्या मुलांची तपासणी करणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, आपल्या पालघरमधून! तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत ३० प्रकारच्या तक्रारी या कार्यक्रमात तपासल्या जातात. वाकडं पाऊल, खुब्याचा निसटलेला सांधा आणि मुडदूस या तिन्ही हाडांच्या तक्रारी त्या यादीत आहेत. डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पुढचे उपचार, अगदी शस्त्रक्रियासुद्धा, मोफत.

बाळाची हाडं आपल्यापेक्षा जास्त
मोठ्या माणसाची हाडं २०६, नवजात बाळाची जवळपास ३००. वय वाढतं तशी काही हाडं एकमेकांत जुळत जातात. बाळाच्या गुडघ्याची वाटी तर नुसती कूर्चेची असते, तिचं हाड व्हायला ३ ते ६ वर्षं लागतात. खांद्याजवळचं कॉलरबोन आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड बनायला लागतं आणि पूर्ण होतं सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास.

मोडतं कमी, वाकतं जास्त
ओली फांदी वाकवली तर एका बाजूने चिरते, पण तुटून वेगळी होत नाही. मुलांच्या हाडांचंही तसंच, म्हणून अशा फ्रॅक्चरला डॉक्टर ‘ग्रीनस्टिक’ म्हणतात. नवजात बाळाचं मांडीचं हाड मोडलं तर दोन-तीन आठवड्यांत जुळतं. मोठ्या माणसाला त्यासाठी तीनेक महिने लागतात. थोडं वाकडं जुळलेलं हाडही वाढता वाढता बऱ्याचदा आपोआप सरळ होतं.

पाच-सहा प्लास्टर, एक छोटा छेद
साधारण ८०० ते १,००० बाळांमागे एकाचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं. मुलांमध्ये हे प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं होत नाही, आईचा यात काडीचा दोष नाही. उपचार जन्मानंतर आठवड्याभरात, म्हणजे बारशाच्या आधीही सुरू करता येतो. डॉक्टर हाताने पाऊल हळूच थोडं फिरवतात आणि बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून प्लास्टर घालतात. आठवड्याने ते काढून पाऊल आणखी थोडं फिरवायचं आणि नवं प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या शिरेला एक छोटा छेद देतात. मग शेवटचं प्लास्टर तीन आठवडे.

खरी परीक्षा बुटांची
प्लास्टर सुटलं म्हणजे काम संपलं असं नाही. मधल्या दांडीने जोडलेले खास बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे असतात. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हे बूट मध्येच सोडणं. बाळ रडतं म्हणून आजीचा जीव तुटतो, पण इथे माया म्हणजे बूट न काढणं.

घड्याळजीचा मुलगा
ही पद्धत शोधली इग्नासिओ पोन्सेटी यांनी. वडील स्पेनच्या मिनोर्का बेटावरचे घड्याळजी. पोन्सेटींनी यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, मग देश सोडून मेक्सिकोमार्गे अमेरिकेतलं आयोवा गाठलं. तिथे १९५० च्या सुमारास त्यांनी ही पद्धत बसवली. जगाने मात्र ती १९९० च्या दशकात उचलली, तीही मुख्यतः पालकांनी इंटरनेटवरून एकमेकांना सांगितली म्हणून! ३ जून हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक क्लबफूट (म्हणजे वाकडं पाऊल) दिन म्हणून पाळतात.

कडेवरचं बाळ सुखी
बाळाला कडेवर घेतलं की त्याचे पाय फाकतात आणि मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसतो. म्हणजे कामाला जाताना पोर कडेवर घेऊन निघणारी आपल्याकडची आई नकळत खुब्याची काळजीच घेत असते. उलट दोन्ही पाय सरळ जोडून घट्ट गुंडाळलं तर खुबा निसटण्याचा धोका वाढतो. जपानने १९७५ च्या सुमारास अशा गुंडाळण्याविरुद्ध मोहीम काढली आणि हे प्रमाण झपाट्याने उतरलं. मालिश करा, दुपट्यातही घ्या, पण पायांना हालायला जागा ठेवा.

एका आईचं रुग्णालय
मुंबईत हाजीअलीला मुलांच्या हाडांसाठीच उभं राहिलेलं रुग्णालय म्हणजे चिल्ड्रन्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल. त्यामागे होत्या फातेमा इस्माईल. लेकीला पोलिओ झाला तेव्हा उपचारासाठी त्या थेट मद्रासपर्यंत गेल्या. लेकीपुरतं बघून थांबल्या नाहीत, १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना काढला आणि त्यातूनच पुढचं काम उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. पोलिओ हटला तसं रुग्णालयही बदललं, आज हाजीअलीला त्या जागी सर्व आजारांसाठीचं मोठं बालरुग्णालय आहे. डहाणू लोकलने दादरला उतरा आणि धिमी गाडी पकडून महालक्ष्मीला या.

दिवसाला १ मिलिमीटर
आखूड पाय लांब करता येतो! सायबेरियातल्या कुर्गानचे डॉ. इलिझारोव्ह यांनी पायाभोवती धातूच्या कड्या बसवल्या आणि हाडातून ताणलेल्या तारा नेल्या. सुरुवातीला या तारा म्हणून सायकलचे स्पोक वापरले! हाडाला चीर देऊन दोन्ही भाग रोज १ मिलिमीटर दूर सरकवायचे, मधल्या फटीत नवं हाड भरत जातं.

जव्हारची नाचणी, किनाऱ्याचा जवळा
१०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, तांदळात १० मिलिग्रॅमही नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी म्हणजे हाडांचं टॉनिक. सुका जवळा आपण सबंध खातो, त्यामुळे त्यातलं कॅल्शियमही पूर्ण पोटात जातं. सोबत ऊन हवं, कारण त्याशिवाय ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं मऊ पडून मुडदूस होतो.

बोटं निळी पडली? पट्टी सोडा!
जांभळाच्या झाडावरून पडलेलं पोर हात टेकतं आणि कोपराच्या वर फ्रॅक्चर होतं. अशा हातावर कुणी कामट्या लावून करकचून पट्टी बांधली तर रक्त अडतं आणि हात कायमचा निकामी होऊ शकतो. बोटं थंड, निळी किंवा बधिर झाली, दुखणं वाढत गेलं, तर पट्टी लगेच सैल करा आणि तडक दवाखाना गाठा. प्लास्टरनंतरही हीच खूण बघायची.

हे चालतं, हे नाही
दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरून कमानदार दिसणं, तीन-चार वर्षांत गुडघे एकमेकांना घासणं, पाच-सहा वर्षांपर्यंत तळवे सपाट असणं, हे बहुतेक वेळा वाढीचंच लक्षण. रात्री दोन्ही पाय दुखले आणि सकाळी पोर उड्या मारत असेल तर तेही. पण एकच पाय वाकडा किंवा आखूड दिसला, दीड वर्षाचं होऊनही मूल चालत नसेल, तर दाखवा. ताप आणि लंगडणं एकत्र आलं तर त्याच दिवशी दाखवा, खुब्यात पू झाला असेल तर तासागणिक नुकसान होतं.

अंगणवाडी ताईंना आजच विचारा, तपासणी पथक पुन्हा कधी येणार? तारीख कळली की शेजारच्या घरातही सांगा. पथकाने बघायच्या आधी घरात काही खटकलं असेल, तर त्या तारखेची वाट पाहू नका, आशाताईंना सांगा. ही योजना पालघरमधून निघाली, तेव्हा तिचा पहिला लाभ आपल्या पोरांनाच व्हायला हवा.