‘काबायान’ नोली दे कास्त्रो

फिलिपिन्स देशाच्या भाषेंत ‘काबायान’ असा एक शब्द आहे. आपल्याच देशाचा, आपल्याच मातीचा माणूस, असा त्याचा अर्थ. आपले कोंकणांतले लोक परमुलुखीं भेटले म्हणजे एकमेकांस ‘गांववाले’ म्हणून हाक मारतात. तीच गोडी ह्या शब्दांत आहे. ही हाक ज्यांचें टोपणनांव होऊन बसली व ज्यांस तिनें देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारपदापर्यंत नेलें, त्या गृहस्थांची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

मनुएल ऊर्फ नोली दे कास्त्रो ह्यांचा जन्म ६ जुलै १९४९ रोजीं मिंदोरो बेटावरील पोला ह्या गांवीं झाला. मनिला येथें वाणिज्य विषय घेऊन ते पदवीधर झाले. परंतु जमाखर्चाच्या वह्यांपेक्षां त्यांस रेडिओचें आकर्षण अधिक वाटलें असावें, कारण पुढें थोड्याच वर्षांनीं ते त्या धंद्यांत शिरले. तो काळ कठीण होता. राष्ट्राध्यक्ष मार्कोस ह्यांनीं सप्टेंबर १९७२ मध्यें लष्करी कायदा पुकारून वृत्तपत्रें व ध्वनिक्षेपणकेंद्रें बंद केलीं होतीं. फेब्रुवारी १९८६ मध्यें लाखों लोक मनिलेच्या रस्त्यावर उतरले व मार्कोस देश सोडून गेले, तेव्हां ‘एबीएस-सीबीएन’ ही बंद पडलेली मोठी संस्था पुन्हां सुरू झाली. त्याच वर्षीं दे कास्त्रो तींत दाखल झाले.

मार्च १९८७ मध्यें ह्या संस्थेनें टेलिव्हिजनवर ‘टीव्ही पॅट्रोल’ हें बातमीपत्र काढलें. तोंवर प्रतिष्ठित बातमीपत्रांची भाषा बहुधा इंग्रजी असे. हें मात्र लोकांच्या बोलींत चाले. आग, तुफान, चोरी, गरिबाच्या झोंपडीवरील संकट, असे त्याचे विषय. तें भडक आहे, अशी टीका शिकलेल्या मंडळींनीं केली, व ती अगदींच खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रोज संध्याकाळीं दे कास्त्रो ह्यांचा धीरगंभीर आवाज घरांत येई आणि आपल्या दुःखाची दखल कोणीतरी घेतली असें चाळींतल्या बाईस वाटे, हेंही तितकेंच खरें.

ह्या आवाजाचीं मतें कशीं झालीं, तें समजण्यास तेथील निवडणुकीची रीत ठाऊक पाहिजे. सेनेटच्या निवडणुकीस सारा देश हा एकच मतदारसंघ असतो. शिवाय २०१० पूर्वीं मतपत्रिकेवर उमेदवारांचीं नांवें छापलेलीं नसत. मतदारानें तीं आपल्या हातानें लिहावयाचीं असत. २००१ सालीं सेनेटच्या तेरा जागा होत्या. म्हणजे तेरा नांवें लिहावयाचीं! आमच्या वर्गांत मॉनिटर निवडतांना ज्याचा आवाज मागल्या बांकापर्यंत पोंचतो, त्याच्याच नांवाच्या चिठ्ठ्या अधिक निघतात. तोच हा प्रकार. त्या वर्षीं दे कास्त्रो ह्यांस एक कोटी साठ लक्षांहून अधिक मतें मिळालीं व ते सर्वांत पहिले आले.

२००४ सालीं तर मौज झाली. तेथें उपराष्ट्राध्यक्षाची निवडणूक स्वतंत्रपणें होते. दे कास्त्रो हे राष्ट्राध्यक्षा ग्लोरिया आरोयो ह्यांच्या बाजूनें उभे राहिले. समोर होत्या लोरेन लेगार्दा, त्याच संस्थेंतल्या एके काळच्या वृत्तनिवेदिका! दे कास्त्रो ह्यांस १,५१,००,४३१ व लेगार्दा ह्यांस १,४२,१८,७०९ मतें पडलीं. लेगार्दा ह्यांनीं निकालाविरुद्ध दाद मागितली. ती जानेवारी २००८ मध्यें फेटाळली गेली.

अधिकार हातीं आल्यावर त्यांच्याकडे घरबांधणीचें काम आलें. मनिलेच्या रेल्वेरुळांलगत झोंपड्या बांधून राहिलेल्या हजारों कुटुंबांस दुसरीकडे घरें देण्याची मोठी योजना त्यांच्या देखरेखीखालीं चालली. पुष्कळांस पक्कें छप्पर मिळालें. पण पोटाचा धंदा शहरांत आणि घर कोसांवर, अशी तक्रारही झाली.

खरी कसोटी जुलै २००५ मध्यें आली. आरोयो ह्यांनीं निवडणूक-अधिकाऱ्याशीं मतमोजणीविषयीं टेलिफोनवर केलेलें संभाषण उघड झालें होतें. दहा वरिष्ठ सहकाऱ्यांनीं राजीनामे देऊन त्यांनीं पद सोडावें अशी मागणी केली. त्या गेल्या असत्या तर घटनेप्रमाणें गादी दे कास्त्रो ह्यांस मिळणार होती. त्यांच्या एका शब्दाकडे देशाचे कान लागले होते. परंतु ते आरोयो ह्यांच्याच पाठीशीं राहिले. कोणी ह्यास निष्ठा म्हणेल. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, जो मनुष्य वीस वर्षें दुसऱ्यांच्या अन्यायाविषयीं बोलला, त्यानें त्या वेळीं लोकांपुढें येऊन अधिक बोलावयास हवें होतें. हा आमचा शिक्षकी हट्ट असेल.

२०१० मध्यें मुदत संपली. राष्ट्राध्यक्षपदासाठीं त्यांचें नांव घेतलें जात असूनही ते उभे राहिले नाहींत. त्याच वर्षीं ‘टीव्ही पॅट्रोल’च्या खुर्चीवर परत जाऊन बसले. मे २०२० मध्यें परवान्याची मुदत संपल्यामुळें त्या संस्थेचें प्रक्षेपण पुन्हां एकदां बंद पडलें. ऑक्टोबर २०२१ मध्यें दे कास्त्रो ह्यांनीं सेनेटसाठीं अर्ज भरला, आणि पांच दिवसांतच तो मागें घेऊन ते पुन्हां बातम्यांकडे वळले.