नेमबाजांचे मन घडविणारे बामसर

पन्नास मीटर अंतरावर एक कागदी लक्ष्य लावलेले असते. त्यावरच्या ज्या वर्तुळात गोळी लागली की पूर्ण दहा गुण मिळतात, त्याचा व्यास असतो अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. दहा मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत तर हे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे! पेनाचे टोक कागदावर टेकवावे, एवढेच. तीनशे मीटरच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ते दहा सेंटीमीटरचे असते खरे, पण तिथून पाहिल्यावर चहाच्या बशीहून लहान असलेली ती वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसणेही कठीण.

नेमबाजाला एवढ्याशा जागेत एकामागून एक साठ-साठ गोळ्या बसवाव्या लागतात. शेजारी वाऱ्याची दिशा दाखविणारी छोटी निशाणे फडफडत असतात. अंगात जाड कॅनव्हासचे घट्ट जाकीट, हातात पाच ते आठ किलोची रायफल. समोर प्रतिस्पर्धी असा कोणी नसतोच. मैदानावर धावणाऱ्या खेळाडूला निदान घाम गाळून, ओरडून मनावरचा ताण बाहेर टाकता येतो. नेमबाजाला तीही सोय नाही. त्याला स्तब्ध उभे राहायचे असते आणि छातीत धडधडणारे हृदय मात्र त्याचे ऐकत नाही.

या धडधडणाऱ्या हृदयाचे काय करायचे, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर आपला मानला, ते म्हणजे भीष्मराज बाम. महाराष्ट्रातल्या नेमबाजांचे बामसर.

पोलीस अधिकारी ते क्रीडा मानसशास्त्रज्ञ

१२ मे २०१७ रोजी नाशिकमध्ये एका कार्यक्रमात भाषण करत असतानाच बामसरांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. या वयात माणसे आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र चाळतात. बामसर शेवटच्या दिवशीही लोकांपुढे उभे राहून बोलत होते.

बामसर मूळचे पोलीस खात्यातले. भारतीय पोलीस सेवेत त्यांनी मोठ्या जबाबदारीच्या जागा सांभाळल्या. पिस्तूल-रायफल ही त्या नोकरीतली रोजची वस्तू. पण शस्त्र हाती असणे वेगळे आणि नेमबाजी हा खेळ म्हणून अभ्यासणे वेगळे. बामसरांना या खेळाची गोडी लागली, ते स्वतः नेमबाज होते. त्याच्या जोडीला होता योगाचा सखोल अभ्यास. एकाग्रता म्हणजे नेमके काय, ती कशी येते आणि का मोडते, याचा विचार आपल्याकडे पतंजलींनी फार पूर्वी करून ठेवला आहे. तो विचार पोथीतून काढून मैदानावर आणायचा, हे काम बामसरांनी हाती घेतले. त्यातूनच एक पोलीस अधिकारी देशातला नामवंत क्रीडा मानसशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जाऊ लागला.

तो काळ असा होता, की ‘मानसशास्त्रज्ञ’ हा शब्द ऐकला तरी खेळाडूंचे पालक दचकत. आमच्या मुलाच्या डोक्यात काही बिघाड नाही, असे सांगून मोकळे होत. अशा वेळी एक ज्येष्ठ, मायाळू गृहस्थ घरातल्या वडीलधाऱ्यासारखे साध्या मराठीत समजावून सांगतो, तेव्हा भीती आपोआप गळून पडते.

जुन्या रायफली आणि नवी उमेद

बामसरांच्या कामाचे मोल समजायचे, तर त्या काळची परिस्थिती आठवायला हवी. नेमबाजी हा खर्चिक खेळ. चांगली रायफल परदेशातून आणायची, स्पर्धेच्या दर्जाच्या गोळ्याही परदेशातून आणायच्या. परवाने, जकात, कागदपत्रे यांचे झंझट वेगळेच. मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना हा खेळ भेटायचा तो बहुधा एनसीसीच्या गणवेशात.

मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातली एनसीसीची छात्र अंजली वेदपाठक १९८८ मध्ये अशीच या खेळाकडे वळली. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर तिला गुरू मिळाले, संजय चक्रवर्ती. रायफल कशी धरायची, खांदा कुठे टेकवायचा, ट्रिगर कसा हळूहळू दाबायचा, हे शिकविणारे ते प्रशिक्षक. रायफल हाती घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि महाराष्ट्रासाठी रौप्यपदक घेऊन आली. हीच मुलगी पुढे अंजली भागवत म्हणून देशभर गाजली. सुमा शिरूर, दीपाली देशपांडे याही चक्रवर्तींच्याच तालमीतल्या.

या पिढीच्या नेमबाजांना दोन आधार लाभले. तंत्र घडविणारे चक्रवर्ती आणि मन घडविणारे बामसर. घरात आई आणि वडील दोघेही असावेत, तसेच हे.

शेवटच्या गोळीची गोष्ट

नेमबाजाच्या मनात नेमके काय होते? समजा, एखाद्या मुलीने पन्नास गोळ्या उत्तम मारल्या. आता दहाच उरल्या. एवढ्यात मन हिशेब मांडू लागते, ‘या दहा नीट गेल्या तर पदक नक्की!’ त्या एका विचारासरशी श्वास अडतो, खांद्याचे स्नायू आवळले जातात, बोट ट्रिगरवर घाई करते आणि गोळी आठच्या वर्तुळात जाते. मग दुसरा विचार येतो, ‘अरेरे, काय केले मी हे!’ पुढची गोळी मारताना डोळ्यांपुढे असते ती मागची चूक.

पहिल्या विचाराने तिला भविष्यात नेले, दुसऱ्याने भूतकाळात. गोळी मात्र वर्तमानातच मारायची असते. गंमत अशी, की बहुतेक खेळांत जास्त जोर लावला तर थोडे तरी अधिक पदरात पडते. नेमबाजीत जोर लावला की हातचेही जाते.

बामसरांचा भर असे तो इथे. श्वास संथ करणे, शरीर सैल सोडणे, नेम धरण्याची सगळी क्रिया मनातल्या मनात पुन्हा पुन्हा पाहणे, ध्यानाचा नियमित सराव करणे, ही त्यांची साधने होती. यातले एकही विकत आणावे लागत नाही. ज्या मुलीजवळ स्वतःची रायफल नाही, तीही घरी चटईवर बसून हा सराव करू शकते. एवढ्या महागड्या खेळात हा केवढा दिलासा!

योगशास्त्रात अभ्यास आणि वैराग्य हे दोन शब्द जोडीने येतात. नेमबाजाला ते चपखल लागू पडतात. रोज न चुकता सराव करणे हा अभ्यास. सुटलेली गोळी, मग ती दहाची असो वा आठची, मनातून सोडून देणे हे वैराग्य. पहिली गोष्ट बहुतेकांना जमते. दुसरी शिकवायला गुरू लागतो.

अंतिम फेरीपर्यंतची वाट

या मेहनतीला फळे आली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजलीला प्रवेश मिळाला तो वाइल्ड कार्डवर. पण तिथे तिने एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिक नेमबाजीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. २००२ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली. त्याच वर्षी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने चार सुवर्णपदके जिंकली. सुमा शिरूरने २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. दीपाली देशपांडेही अथेन्सला खेळली.

अंजली सिडनीत आणि सुमा अथेन्समध्ये अंतिम फेरीत आठव्या आल्या. पदक हुकले. पण एकेकाळी ज्या फेरीचे स्वप्नही कोणी पाहिले नव्हते, तिथे मराठी घरांतल्या मुली उभ्या राहिल्या, हे पुढच्या पोरांना दिसले. नंतर येणाऱ्यांची निम्मी भीती तिथेच संपली.

ज्ञान लपवून ठेवले नाही

बामसरांचे औदार्य होते ते इथे. आपल्याकडे गुरू पुष्कळदा शेवटचा डाव राखून ठेवतो म्हणतात. बामसरांनी आपल्याजवळचे सगळे उघडे करून ठेवले. व्याख्याने दिली, वर्तमानपत्रांतून लिहिले, ‘मार्ग यशाचा’ आणि इंग्रजीत ‘विनिंग हॅबिट्स’ अशी पुस्तके लिहिली. आपली विद्या त्यांनी एका खेळापुरतीही राखली नाही. राहुल द्रविडसारखा क्रिकेटपटू, गीत सेठींसारखा बिलियर्ड्सचा जगज्जेता, अशा मोठ्या खेळाडूंनी त्यांचा सल्ला घेतला. तरीही नाशिकच्या शाळकरी मुलांसाठी त्यांच्याकडे वेळ होता.

नाशिकमध्ये त्यांच्या पुढाकाराने एक्सएल टार्गेट शूटर्स असोसिएशन उभी राहिली. मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलांना त्यामुळे या खेळाचे दार उघडले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या मोनाली गोऱ्हे पुढे भारतीय पिस्तूल संघाच्या प्रशिक्षकांत गेल्या.

पालकांनी घ्यावा असा धडा

ज्या घरात कोणीही बंदूक पाहिलेली नाही, त्या घरालाही बामसरांच्या विचारात घेण्यासारखे आहे. मुलगा स्पर्धेहून परत आला, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कितवा आलास?’ परीक्षेहून आला, की ‘किती पडतील?’ म्हणजे पेपर सुटून दहा मिनिटे होत नाहीत, तोच आपण त्याला निकालाकडे ढकलतो. पुढच्या पेपरला तो त्या भीतीचे ओझे घेऊन बसतो. त्याऐवजी ‘आज काय नीट जमले?’ असे विचारून पाहावे. प्रश्न छोटाच, पण मुलाचे लक्ष आपल्या हातातल्या कामाकडे वळते. नेमबाजाला आणि दहावीच्या विद्यार्थ्याला लागणारे धैर्य एकाच जातीचे असते.

दिव्याने दिवा

बामसरांच्या निधनानंतर चारच वर्षांत करोनाच्या साथीने नेमबाजांचे आणखी आधार नेले. एप्रिल २०२१ मध्ये संजय चक्रवर्ती गेले. मे महिन्यात मोनाली गोऱ्हे गेल्या. महाराष्ट्राच्या नेमबाजीवर तो मोठाच आघात होता.

पण शिकविणारी माणसे गेली तरी शिकवण थांबली नाही. पनवेलला सुमा शिरूरची अकादमी आहे. अपघातात पाय गमावूनही नव्हे, तर पायांतली शक्ती गमावूनही व्हीलचेअरवरून नेम धरणाऱ्या जयपूरच्या अवनी लेखराला सुमाने घडविले. अवनीने टोकियो पॅरालिंपिकमध्ये ३० ऑगस्ट २०२१ रोजी सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा तेच करून दाखविले.

दीपाली देशपांडेच्या हाताखाली तयार झाला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्याची नेमबाजी बहरली ती नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनची अंतिम फेरी सुरू झाली, तेव्हा स्वप्नील मागे होता. गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो सहावा होता. पोटावर झोपून मारायच्या गोळ्यांनंतर पाचवा. मागच्या गोळ्यांचा हिशेब न मांडता तो पुढची गोळी मारत राहिला आणि सर्वांत कठीण अशा उभ्या स्थितीत तिसऱ्या स्थानावर आला. गुण ४५१.४, ब्राँझपदक! १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक जिंकले, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले.

त्या दिवशी टीव्हीपुढे बसलेल्या लाखो लोकांना दिसला तो एक शांत चेहरा आणि संथ श्वास. मराठी मुलांना हा संथपणा शिकविता येतो, यावर एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचा चार दशकांपूर्वीपासून विश्वास होता. रायफली बदलतात, विक्रम मोडतात. कोणीतरी निगुतीने लावलेली मनाची सवय मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहते.