ब्लॅकवॉटर टँकमध्ये तुमची झाडं का विरघळतात?



अ‍ॅक्वेरियमची झाडं घरी वाढवून विकणाऱ्या आपल्या मंडळींकडून एक तक्रार सारखी येते. "सर, गिऱ्हाइकाने ब्लॅकवॉटर टँक केलाय. आमची झाडं दहा दिवसांत विरघळली, आता पैसे परत मागतोय." आणि पाठोपाठ निदानही ठरलेलं असतं: अ‍ॅसिडने मेली.

अहो, अ‍ॅसिडने नाही मेली. उपाशी मेली, अंधारात मेली, किंवा तुम्ही चुकीचं झाड विकलंत.

मुळात हे पाणी कुठलं ते बघा. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नावाची मोठी नदी आहे. जंगलातली पानं-लाकडं कुजून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, पीएच 4 ते 5 च्या आसपास. मनाऊस शहराजवळ ती सोलिमोएस नदीला मिळते, तिथे काळं आणि मातकट पाणी काही किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतं, लवकर मिसळत नाही. आपल्याकडे विकला जाणारा कार्डिनल टेट्रा मूळचा याच खोऱ्यातला. पण या काळ्या पाण्याखाली झाडं फारच कमी उगवतात. पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, आणि तो तपकिरी रंग उजेड गिळतो, त्यातही निळा उजेड आधी. म्हणजे गिऱ्हाईक जे मागतोय ते निसर्गालाही जड जातं. हे त्याला विकताना सांगा, नंतर नाही.

आता आपल्याकडची गंमत. बोअरवेलचं पाणी घ्यायचं, त्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकायची, पाणी छान तपकिरी होतं आणि माणूस म्हणतो, झालं ब्लॅकवॉटर! पीएच मोजा, बहुतेक वेळा होता तिथेच असतो. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यालाच केएच म्हणतात. ते पानांतलं आम्ल पचवून टाकतं. रंग म्हणजे आम्लता नव्हे. आरओचं किंवा स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी मिसळून केएच 1-2 डिग्रीवर आणलात, की मग पानं आपलं काम करतात. (पानं झाडावरून गळलेली, पूर्ण वाळलेली घ्या. हमरस्त्याच्या कडेची नकोत. हीच पानं दुकानात 'इंडियन आल्मंड लीफ' म्हणून पाकिटात मिळतात, तेव्हा दारात बदाम असेल तर विचार करा!)

पण केएच उतरला की काही झाडांचं जेवणच जातं. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, म्हणून बोअरच्या पाण्यात जोमात वाढतात. तुमच्या टबमधली हिरवीगार व्हॅलिसनेरिया अशा मऊ पाण्यात गेली की बसलीच. ब्लॅकवॉटरवाल्याला ती विकूच नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागला तरी.

मग काय विकायचं? पहिली पसंती क्रिप्टोकोरिन. या जातीतली काही झाडं बोर्निओ-सुमात्राच्या पीट दलदलीतलीच आहेत. पण धंद्याला श्रीलंकेची वेंडटाय बरी: स्वस्त, चिवट, कमी उजेडात भागवणारी. ही झाडं मुळांतून खातात, म्हणून कुंडीसोबत खताच्या गोळ्या द्या, त्याचे पैसे वेगळे लावा. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला बांधून द्या, शक्य तितकं वर, उजेडाजवळ. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, हे दहा वेळा सांगावं लागतं. आणि तरंगणारी झाडं, म्हणजे साल्विनिया, फ्रॉगबिट. त्यांना कार्बन हवेतून मिळतो, उजेड थेट मिळतो, त्यामुळे पाणी किती काळं याने फरक पडत नाही. फक्त ती पसरली की खालच्यांचा उजेड जातो, अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका.

नवीन पानं वाकडी-तिकडी आली तर बहुधा कॅल्शियम कमी आहे. तेव्हा शिंपले-संगमरवर टाकू नका, केएच परत वर जाईल. जिप्सम थोडं-थोडं चालतं.

एक गोष्ट मात्र झाडांपेक्षा माशांच्या जिवाची. पीएच 6 च्या खाली फिल्टरमधले बॅक्टेरिया सुस्तावतात. माशांच्या घाणीचा अमोनिया तिथे अमोनियमच्या रूपात राहतो. ते फारसं विषारी नाही, झाडंही ते खातात. पण एखाद्या रविवारी गिऱ्हाईक उत्साहात अर्धा टँक बोअरच्या पाण्याने भरतो, पीएच झपकन वर जातो, तेच अमोनियम विषारी अमोनिया बनतं, आणि सोमवारी सकाळी मासे उलटे. दोष येतो तुमच्या झाडांवर! पाणी थोडं-थोडं आणि त्याच जातीचं बदलायचं, हे बिलाच्या मागे छापाच.

तुमच्या बाजूने एवढं करा: ब्लॅकवॉटरसाठीच्या क्रिप्ट वेगळ्या टबात, पाण्याखाली, मऊ पाण्यात महिनाभर ठेवा. नर्सरीतून येणाऱ्या बऱ्याच क्रिप्ट पाण्याबाहेर वाढवलेल्या असतात, पाण्यात गेल्या की जुनी पानं गळतातच. ती तुमच्या टबात गळू दे, गिऱ्हाइकाच्या टँकमध्ये नको. तरीही गळली तर मुळं उपटायची नाहीत, तीन-चार आठवडे थांबायचं. मुळं टणक, पांढरी असतील तर नवीन पान येतं. महिनाभर टब अडकतो, त्याचा खर्च किमतीत कसा बसवायचा ते पुढच्या व्हिडिओत वहीवर मांडून दाखवतो.