औषध फुकट, वाट महाग

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळचे पठार पावसाळ्यात नागली-वरईने हिरवेगार असते. दिवाळी सरली, दाणा घरात आला, की तेथील पाडे ओस पडू लागतात. वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा पाड्यांपर्यंत औषध पोचवावयाचे कसे, हा प्रश्न वरवर आरोग्य खात्याचा वाटला, तरी मुळात तो अर्थशास्त्राचा आहे.

या दृष्टीने पश्चिम आफ्रिकेचा अनुभव अभ्यसनीय आहे. तेथील वेगवान नद्यांत वाढणारी काळी माशी चावली, की एक सूक्ष्म कृमी शरीरात शिरतो आणि कालांतराने दृष्टी हिरावून घेतो. हेच ते ‘नदी-अंधत्व’. भारतात हा रोग नाही. तेथे मात्र त्याच्या भयाने शेतकऱ्यांनी नदीकाठची सुपीक जमीन सोडून निकृष्ट माळरानांचा आश्रय घेतला. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आदी संस्थांनी सात देशांत माशीच्या अळ्यांवर हवाई फवारणी सुरू केली. पुढे ११ देशांत पसरलेली ही मोहीम २००२ साली संपली. खर्च झाला माणशी वर्षाला एक डॉलरहूनही कमी. त्या बदल्यात सुमारे ६ लाख लोकांची दृष्टी वाचली आणि सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा लागवडीयोग्य झाली. इतका किफायतशीर व्यवहार क्वचितच पाहावयास मिळतो.

१९८७ साली मर्क कंपनीने या रोगावरील आयव्हरमेक्टिन हे औषध विनामूल्य देण्याचे जाहीर केले. तरीही खर्च संपला नाही. कारण गोळी फुकट असली, तरी गावापर्यंतची वाट फुकट नव्हती. अखेर गावांनीच आपले स्वयंसेवक निवडले. काठीने उंची मोजून ते गोळ्यांची मात्रा ठरवू लागले. वाटपाचा दिवसही गावच ठरवी.

आपल्या नारूचा इतिहास याहून वेगळा नाही. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. ऐन कामाच्या दिवसांत माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे व मजुरी बुडे. पायविहिरी बदलणे, हातपंप बसविणे, पाणी फडक्याने गाळणे या साध्या उपायांनी देशातील अखेरचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. महाराष्ट्रही या लढ्यात होता.

आज आपल्यापुढे हत्तीरोग आहे. त्याच्या निर्मूलनासाठी २०२७ हे उद्दिष्ट ठरले आहे आणि पालघर जिल्ह्यातही सामूहिक औषधोपचाराच्या मोहिमा झाल्या आहेत. २०२३ पासून देशात अशा मोहिमांसाठी १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या तारखा मुक्रर झाल्या. ऑगस्टमध्ये सूर्यमाळचा माणूस शेतावर असतो. फेब्रुवारीत मात्र तो भट्टीवर असतो. ज्याच्या घराला कुलूप आहे, त्याच्यापर्यंत गोळी पोचणार कशी? दिल्लीचे कॅलेंडर आणि डोंगरातील कॅलेंडर एक नसते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

म्हणून फेब्रुवारीतील वाटप भट्ट्यांवरही झाले पाहिजे आणि दारोदार हिंडणाऱ्या आशा सेविकेच्या पायपिटीचे मोल अंदाजपत्रकात प्रामाणिकपणे धरले गेले पाहिजे. सुजलेल्या पायाने विटा वाहणाऱ्या मजुराची बुडालेली मजुरी कोणत्याच सरकारी जमाखर्चात दिसत नाही. ती मांडली, तर हा खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे, बियाणे आहे, हे कोणालाही पटेल.