आपलं इंधन, आपली सुरक्षा

देशाची सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सीमेवरचा जवान उभा राहतो. ते बरोबरच आहे. पण जवानाची गाडी, आपला ट्रॅक्टर, दवाखान्यातला लसीचा फ्रीज आणि आपला स्वयंपाक हे सगळं इंधनावर नाहीतर विजेवर चालतं. ते इंधन दुसऱ्याच्या हातात असलं, की त्याने हात आखडल्यावर आपण अडतो. म्हणून ऊन, शेण, वाहतं पाणी अशा आपल्याकडच्या ऊर्जेत पैसा घालणं ही देशाच्या सुरक्षेचीच बाब आहे. ती कशी आणि त्यात आपल्या बचत गटाला काय करता येईल, ते आज बघू.

आधी आपल्या घरातला सिलिंडर घ्या. देशात वापरल्या जाणाऱ्या दर १०० सिलिंडरमधल्या साधारण ६० सिलिंडरचा गॅस परदेशातून येतो. त्यातला बहुतेक आखाती देशांतून जहाजाने येतो. वाटेत होर्मुझची सामुद्रधुनी लागते. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान आणि मधे समुद्राची चिंचोळी वाट. सगळ्यात अरुंद जागी तिची रुंदी साधारण पूर्णेहून नांदेड जितकं लांब आहे तेवढीच. तिकडे युद्धाची नुसती चाहूल लागली तरी जहाजांचं भाडं वाढतं, विमा वाढतो आणि त्याची झळ आपल्या चुलीपर्यंत येते. कच्च्या तेलाचं तर याहून अवघड आहे. आपल्याला लागणाऱ्या तेलापैकी शेकडा ८५ हून जास्त तेल आपण बाहेरून विकत घेतो.

असं अवलंबून राहिल्याने काय होतं, हे देशाने भोगलं आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तेलाचे भाव भडकले. आपल्या देशावर आधीच कर्ज होतं, त्यात तेलाचं बिल वाढलं आणि परकीय चलन संपत आलं. शेवटी जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. घर अडचणीत आलं की पहिली नजर बाईच्या पाटल्यांवर जाते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. देशाचंही तेच झालं. पुढे २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २०२० साली सहाशे रुपयांच्या आसपास असलेला सिलिंडर जुलै २०२२ पर्यंत एक हजार पन्नासच्या वर गेला. युद्ध कुठे आणि पुन्हा सरपण गोळा करायला कोण गेलं? आपल्यातल्याच कितीतरी बाया.

कुणी म्हणेल, विजेचं तसं नाही, कोळसा तर आपल्याच देशात आहे. खरं आहे. पण कोळशाची वीज करायला दोन गोष्टी लागतात, कोळसा वाहून आणायला रेल्वे आणि वाफेसाठी व थंडाव्यासाठी भरपूर पाणी. आपल्या शेजारचं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली. रेल्वेचं म्हणाल, तर एप्रिल २०२२ मध्ये कडक उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली आणि केंद्रांकडचा कोळसा कमी पडला. तेव्हा कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी देशात शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या. आपलं पूर्णा जंक्शनचं गाव. गाडी रद्द झाली की कुणाचा दवाखाना चुकतो, कुणाची मजुरी बुडते, हे आपल्याला ठाऊक आहे.

पाण्याची वीजही आपल्या नदीवर होते. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर साडेबावीस मेगावॅटचं केंद्र आहे. पण धरणात पाणी असेल तेव्हाच ते चालतं. गंमत बघा, दुष्काळात ज्या उन्हाने धरण आटतं, तेच ऊन सौर पॅनेलला चालतं. पॅनेलला पाणी लागतं ते धुण्यापुरतं.

सुरक्षेच्या दृष्टीने सौर ऊर्जेचा आणखी एक गुण आहे, ती विखुरलेली असते. युक्रेनची मोठी वीज केंद्रं रशियाने हेरून फोडली, तेव्हा भर थंडीत लाखो घरं अंधारात गेली. एक मोठं केंद्र पाडता येतं, पण गावोगावच्या हजारो छपरांवरची वीज एकदम बंद पाडणं अवघड. सगळी अंडी एका टोपलीत नसावीत, एवढीच ही गोष्ट आहे.

आता दुसरी बाजूही ऐका. सौर पॅनेलला लागणारा बराचसा माल अजून चीनमधून येतो. मग हेही परावलंबन नाही का? काही प्रमाणात आहेच, म्हणून देशात कारखाने वाढायला हवेत. पण फरक मोठा आहे. गॅस रोज जळतो आणि रोज विकत घ्यावा लागतो. पॅनेल एकदा घेतलं की साधारण २५ वर्षं वीज देतं. त्यानंतर कुणी माल रोखला तरी आपल्या छपरावरचं ऊन रोखता येत नाही. रात्री आणि ढगाळ दिवसांत मात्र सौर वीज पुरत नाही, तिथे कोळशाची आणि धरणाची वीज लागणारच.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सांगते.

पहिली, गोबर गॅस. घरी चार-पाच जनावरं असतील तर रोजचं साधारण ५० किलो शेण निघतं. त्यावर दोन घनमीटरचं संयंत्र चालतं आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. वर शेणाची मळी शेताला मिळते. युरिया तयार करायला लागणारा वायूसुद्धा बराच परदेशातून येतो, म्हणजे ही मळी दुहेरी बचत करते. जनावरं कमी असतील किंवा पाण्याची ओढ असेल, तर मात्र यात पडू नका.

दुसरी, सौर पंप. राज्य सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. रात्रीच्या विजेसाठी घरधनी अंधारात, विंचू-सापांतून पाणी द्यायला जातो, तो धोका यामुळे टळतो. ही सुरक्षा तर अगदी आपल्या उंबऱ्यातली.

तिसरी, छपरावरची वीज. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. एक गोष्ट विक्रेते बऱ्याचदा सांगत नाहीत. बॅटरी नसलेला साधा संच लाईट गेली की आपोआप बंद होतो, म्हणजे तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते.

गटातून अशा कामाला कर्ज देताना चार प्रश्न विचारा. महिन्याला किती युनिट वीज लागते? विक्रेता योजनेत नोंदलेला आहे का? बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांत? आणि वाचलेल्या बिलातून हप्ता फिटतो का? चारही उत्तरं कागदावर घ्या. घाई करणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने वर्षभरात गॅस, वीज आणि डिझेलवर किती पैसे गेले ते सांगा आणि दहा-बारा घरांची बेरीज मांडा. त्यातला किती पैसा गावात राहिला आणि किती बाहेर गेला, ते दिसेल. तो पैसा थोडा थोडा गावातच थांबवणं हे देशाच्या राखणीचंच काम आहे.