झरीची सभा आणि वेठीचा शेवट

चारचौघे जसे वागतात, तेच बहुतेकांसाठी नियम ठरते. मोजक्या माणसांनी वेगळी भूमिका ठामपणे, सातत्याने मांडली की मात्र तो नियम डळमळतो. सर्ज मॉस्कोव्हिसी या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हे प्रयोगातून दाखवले. वाणगाव, डहाणू, तलासरीच्या वारली पाड्यांवर ते त्याआधीच घडून गेले होते.

जमीनदाराची वेठ तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. लग्नासाठी कर्ज घेणारा 'लग्नगडी' होई. मग नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. हे सारे केवळ माराच्या भीतीवर टिकले नव्हते. शेजारीही मुकाट सोसतो, हे प्रत्येकाला रोज दिसत होते.

जानेवारी १९४५ मध्ये या भागातले काही वारली टिटवाळ्याच्या किसान परिषदेला गेले. पुढे किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी पाडे पिंजून काढले. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातील झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि ठरले: वेठ बंद, रोजी किमान बारा आणे.

खरी कलाटणी इथे आहे. घरात बसून केलेला निश्चय दुसऱ्या दिवशी मालकासमोर विरतो. हजारोंसमोर केलेला पाळावा लागतो, कारण शेजारीही तो पाळणार याची खात्री असते. लग्नगडी मुक्त होऊ लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी हुतात्मे झाले. तरीही गवतकापणीच्या वाढीव मजुरीसाठी सुरू झालेला लढा थांबला नाही आणि वेठ परतली नाही.